निवडीचा वाद

रणजी सामन्यांचे दिवस आले कीं धायरींतील आमच्या ओसरीवर निवड-समितीची दुसरी बैठक भरते. महाराष्ट्राचा संघ गहुंज्यास उतरण्यापूर्वींच पुतण्यानें दोन फलंदाज वगळलेले असतात; सूनबाई स्वयंपाकघरांतूनच यष्टिरक्षक बदलतात! परवां वाद वाढला, तेव्हां नातू म्हणाला, "निवड केवळ गुणांवर व्हावी, एवढेंच माझें म्हणणें."

मीं त्यास पालवणकर बाळूंची हकीकत सांगितली. हे डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यांतील गोऱ्यांच्या क्लबाचें मैदान राखतां राखतां साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकीत. पुढें हिंदूंच्या संघानें त्यांस घेतलें. परंतु ते जातीनें चर्मकार, म्हणून चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत! मैदानावर चालणारा हात चहाला कां चालूं नये, हें मला जन्मभर संस्कृत शिकवूनहि उमगलेलें नाहीं. १९११ च्या विलायत-दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. तरी हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस कधींच मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें.

नातू क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, आपल्या घरीं त्यांना चहा कशांत दिला असता?"

वाचकहो, माझ्या बालपणीं आमच्या परसदारच्या कोनाड्यांत कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असे. घरांतील कोणी त्यास हात लावीत नसे. तो कोणासाठीं असे, तें मीं त्यास सांगितलें.