आज रात्रीच पाठ बघा

अमरावती-अकोल्यात ज्या घरी पक्षाघाताने, खुब्याच्या फ्रॅक्चरने किंवा म्हातारपणाने कुणी अंथरुणाला खिळलं आहे, त्या घराला ही कळकळीची विनंती. आज निजण्याआधी त्यांना कुशीवर घ्या आणि भरपूर उजेडात माकडहाड, खुबे, घोटे, टाचा बघा.

लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. तो फिका पडतच नसेल, तर कातडी शाबूत असूनही बेडसोर, म्हणजे दाबाने होणारी जखम, सुरू झाला आहे. ही पहिली पायरी. सावळ्या अंगावर लाली कळत नाही. तिथे हाताने चाचपा, जागा बाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का. फोड आला, साल गेली की दुसरी पायरी. चरबी दिसली की तिसरी. स्नायू किंवा हाड दिसलं की चौथी. काळी खपली असेल तर खाली किती खोल गेलंय ते कळत नाही. ती घरी सोलू नका.

बसायच्या जागेवरची प्रत्येक जखम मात्र दाबाची नसते. लघवी-जुलाबाने, डायपरने, वैशाखातल्या 45 अंशांतल्या घामाने कातडी भिजून सोलते. अशी जखम बहुधा घडीत, उथळ, वेड्यावाकड्या काठाची. दाबाची हाडावर, गोलसर, ठळक काठाची. कधी दोन्ही एकत्र असतात. ओलीने झालेली नुसती कूस बदलून बरी होत नाही, दाबाची नुसत्या मलमाने तर नाहीच.

ओल असेल तर कोमट पाण्याने धुवा, घासू नका, टिपा, झिंक ऑक्साइडचा पातळ थर द्या. पावडर नको, घामात तिचे गोळे होतात. दाबासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदला. माणूस ओढू नका, उचला. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहू द्या. रबरी रिंग नको. लाल जागेवर तेल चोळणं तर मुळीच नको, कितीही मायेने असलं तरी.

‘दुखत नाही म्हणतात’ यावर विसंबू नका. 1946 पासून तपोवनात कुष्ठरुग्णांची सेवा पाहिलेल्या अमरावतीला हे सांगायला नको: बधिर तळव्याला कळ येत नाही, म्हणूनच तिथली जखम चिघळते. संवेदना गेलेल्या पाठीचंही तसंच.

साल निघाली असेल तर आशाताईंना दाखवा, किंवा अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय गाठा. ताप, घाण वास, ग्लानी असेल तर सकाळची वाट न पाहता 108 लावा. आणि दवाखान्यातून सुट्टी होत असेल तर कूस कशी बदलायची ते सिस्टरसमोर स्वतः करून दाखवा, मगच गाडी बोलवा.