हारांखाली गाडलेला शाहीर

दरवर्षी १ ऑगस्टला निगडीतील लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या पुतळ्याला पुढारी हार घालतात. कायम नोकरी मोडीत काढून कंत्राटदारीला आशीर्वाद देणाऱ्यांचेही हात त्या हारांना लागतात. हा शाहिराचा सन्मान नव्हे; त्याच्या वाणीचा बंदोबस्त आहे.

अण्णा भाऊ आधी गिरणीकामगार, मग शाहीर. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले आणि तमाशाचा जुना साचा श्रमिकांच्या लढ्याला जुंपला. 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत मुंबईत आलेल्या कष्टकऱ्याचा विरह आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा एकरूप झाला.

तो विरह आज चाकणला राहतो. मराठवाड्यातून, बिहारमधून आलेले कंत्राटी तरुण एकाच खोलीत पाळीपाळीने झोपतात; त्यांची मैनाही गावावरच आहे. मात्र त्यांचे गाणे कोणी रचत नाही. जयंतीला त्यांच्यापुढे उभी राहते ती डीजेची भिंत!

यंत्रयुगात शाहिरी कालबाह्य झाली, असे विद्वान सांगतात. मग गिरणीत काय हातमाग होते?

दोष केवळ सत्ताधाऱ्यांचा नाही. १९६९ साली अण्णा भाऊ व अमर शेख सहा आठवड्यांच्या अंतराने गेले. त्यानंतर डाव्या पक्षांचा डफही हळूहळू खुंटीला गेला. निवडणुकीपुरताच खाली उतरू लागला. तो कारखान्याच्या फाटकावर, पाळी सुटण्याच्या वेळी पुन्हा वाजला पाहिजे. कार्यकर्त्यांनी साजरी करावी अशी जयंती तीच.