पात्याला कायदा, मुठीला कायदा, वारशाचे काय?

सोलिंगेन हे जर्मनीतील चाकू-सुऱ्यांचे शहर. तेथे घडणाऱ्या पात्यांची ख्याती एवढी मोठी, की 'सोलिंगेन' हे नाव कोणत्या मालावर कोरता येईल, हे १९३८ पासून कायद्यानेच ठरवून दिलेले आहे. या शहराच्या साडेसहाशेव्या वर्षाचा उत्सव सुरू असताना २३ ऑगस्ट २०२४ च्या रात्री एका हल्लेखोराने गर्दीत चाकू चालवला. त्यात तिघांचा बळी गेला, अनेक जण जखमी झाले. त्यानंतर सव्वादोन महिन्यांतच, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून, जर्मनीतील शस्त्रविषयक कायदा अधिक कडक झाला. सार्वजनिक उत्सवांत आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत चाकू नेण्यास बंदी आली. कळ दाबताच बाजूने उघडणारे, साडेआठ सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याचे चाकू त्यापूर्वी जर्मनीत काही अटींवर बाळगता येत. मोजके अपवाद वगळता तेही आता बाद ठरले.

तीन नागरिकांचे प्राण गेल्यावर सरकारने हातावर हात ठेवून बसावे, असे कोणीही म्हणणार नाही. मात्र या कायद्याच्या कक्षेत केवळ गुन्हेगार आले नाहीत. ज्यांच्या कपाटात मखमलीच्या अस्तरावर पन्नास-शंभर वर्षांपूर्वीचे घडीचे चाकू निगुतीने ठेवलेले असतात, ते संग्राहकही आले. जगभर हीच प्रक्रिया वेगवेगळ्या वेगाने सुरू आहे. कोठे पात्यावर निर्बंध येतात, कोठे मुठीवर, तर कोठे वस्तूच्या वयावर. संपूर्ण वस्तूकडे, तिच्यामागील कारागिरीकडे आणि इतिहासाकडे पाहणारी तरतूद मात्र फारशी आढळत नाही. भारतात तर हा प्रश्न आहे याचीही जाणीव अद्याप झालेली नाही.

चाकूची जन्मपत्रिका

खिशातल्या चाकूला संग्रहमूल्य कशामुळे येते, हे समजल्याशिवाय या वादाचे गांभीर्य लक्षात येणार नाही. इंग्रजीतील 'पेननाइफ' हा शब्द मुळात पिसाच्या लेखणीला टोक काढण्याच्या चाकूवरून आला. आपल्याकडे बोरू तासायला असाच चाकू लागे. म्हणजे ही वस्तू जितकी शिकाऱ्याची आणि शेतकऱ्याची, तितकीच कारकुनाची आणि शाळकरी पोराचीही होती. इंग्लंडमधील शेफील्ड, जर्मनीतील सोलिंगेन आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया व न्यूयॉर्क या राज्यांतील कारखान्यांनी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत असे अगणित चाकू घडवले. त्यांपैकी बहुतेक वापरून झिजले, हरवले किंवा भंगारात गेले. जे उरले, त्यांतील न झिजलेले चाकू आज दुर्मीळ आहेत.

जाणकार संग्राहक चाकूची धार नंतर पाहतो. आधी तो पात्याच्या बुडाशी, मुठीलगत कोरलेला शिक्का वाचतो. अमेरिकेने १८९० मध्ये केलेल्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे तेथे आयात होणाऱ्या मालावर उत्पादक देशाचे नाव टाकणे बंधनकारक झाले. त्यामुळे एखाद्या शेफील्डच्या चाकूवर 'इंग्लंड' असे कोरलेले असेल, तर तो बहुधा त्यानंतरचा, असा अंदाज बांधता येतो. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या पेढीचे तारा आणि क्रूस हे चिन्ह अठराव्या शतकापासूनचे. अमेरिकेतील केस कंपनीने १९७० पासून शिक्क्याखाली दहा ठिपके कोरण्यास सुरुवात केली आणि पुढे दरवर्षी एकेक ठिपका कमी करीत नेला. ठिपके मोजले, की चाकूचे वर्ष हाती येते.

जेथे शिक्क्याला किंमत असते, तेथे खोटे शिक्केही अवतरतात. तीन निकामी चाकूंचे भाग जुळवून एक 'अस्सल' चाकू उभा करणे, नव्या पात्यावर जुना शिक्का मारणे, झिजलेले पाते घासूनपुसून 'कधीच न वापरलेले' म्हणून विकणे, हे प्रकार या बाजाराला नवीन नाहीत. हौसेपोटी केलेली चकाकीही घातकच. पात्यावरचा काळाचा रंग घालवला, की चाकूची किंमत घसरते. सेल्युलॉइडच्या मुठींचे दुखणे आणखी वेगळे. हा पदार्थ जुना झाल्यावर विघटित होऊ लागतो आणि त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वायूमुळे शेजारचे चाकूही गंजतात. सारांश, हा छंद पैशाइतकाच अभ्यासाचा आहे आणि अभ्यासाला उघड देवाणघेवाण लागते.

कपाटातली वस्तूही गुन्हा

नेमकी हीच देवाणघेवाण कायद्याच्या धाकाने आटत चालली आहे. ब्रिटनमध्ये घडी होणारा, पाते पक्के न अडकणारा आणि तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो. खटक्याने उघडणाऱ्या चाकूंची विक्री मात्र तेथे १९५९ पासून बंद आहे. २०१९ च्या कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. असे चाकू स्वतःच्या घरात ठेवणेही जुलै २०२१ पासून गुन्हा ठरले. तत्पूर्वी, डिसेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात ते पोलिसांकडे जमा करून भरपाई घेण्याची मुभा देण्यात आली.

या तरतुदीमागील कारण खरे आहे. ब्रिटनमधील शहरांत चाकूहल्ल्यांत कोवळ्या वयाची मुले बळी पडत आहेत आणि त्यांच्या पालकांपुढे संग्राहकाच्या हौसेचे गाऱ्हाणे मांडणे कोणालाही अवघड जाईल. तरीही एक प्रश्न उरतोच. जॉर्ज श्रेड या अमेरिकी कारागिराने १८९० च्या दशकात कळ दाबून उघडणाऱ्या चाकूची रचना बाजारात आणली, तेव्हा ती यंत्रविद्येतील एक कल्पक युक्ती मानली गेली. त्या परंपरेतील जुना नमुना आणि परवा कारखान्यातून निघालेली स्वस्त नक्कल, यांना एकाच पोत्यात घालून वितळवायचे काय? पात्याच्या लांबीवर आणि खटक्यावर बेतलेल्या कायद्याला हा फरक सहसा दिसत नाही.

सांबराचे शिंग, हत्तीचा दात

पात्याचा विषय येथे संपतो आणि मुठीचा सुरू होतो. या टप्प्यावर भारताचा संबंध थेट येतो. शेफील्ड, सोलिंगेन आणि अमेरिकेतील उत्तम चाकूंच्या मुठींसाठी भारतीय सांबराच्या शिंगाला विशेष मागणी होती. त्याची खरखरीत, खोबणीदार पाठ हातात घट्ट बसते. कारखान्यांत हाडावर खाचा पाडून त्याच पोताची नक्कल केली जाई. नैसर्गिकरीत्या गळून पडलेल्या शिंगांच्या आडून शिकार होते, या रास्त शंकेपोटी भारताने १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची निर्यात बंद केली. परिणामी, बंदीपूर्वीच्या शिंगाची मूठ असलेल्या जुन्या चाकूंना परदेशी बाजारात वेगळाच मान मिळू लागला.

हस्तिदंताचे निर्बंध त्याहून कठोर आहेत. भारतात १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी आधी देशी आणि मग आयात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंतविषयक कायदा ६ जून २०२२ पासून लागू झाला. १९४७ पूर्वीच्या वस्तूत दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असेल, तर नोंदणी करून ती विकता येते. ज्या चाकूची मूठच हस्तिदंती आहे, त्याला या अटीत बसणे कठीण. तो जवळ ठेवता येतो, वारसाला देता येतो; विकता मात्र येत नाही. हत्ती वाचवायचा, तर ही किंमत मोजावी लागेल, हे बहुतेक संग्राहकांनाही मान्य व्हावे. परंतु विक्री थांबली म्हणजे वस्तूची नोंद, छायाचित्र आणि तपशीलही थांबला पाहिजे, असे नाही.

चौकात स्मारक, दालनात जागा नाही

भारतातील चित्र अधिक विसंगत आहे. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या घडीच्या चाकूला साठ-सत्तरच्या दशकांतील हिंदी चित्रपटांनी घराघरांत नेले, पण खलनायकाच्या हातून. बदनामी, लांब पात्यांवरचे निर्बंध आणि स्वस्त यंत्रनिर्मित माल यांच्या माऱ्यात तेथील कारागिरांची दुकाने एकेक करून बंद होत गेली. मार्च २०२३ मध्ये रामपूरच्या चाकू चौकात सुमारे वीस फूट लांबीचा धातूचा रामपुरी उभारण्यात आला. त्यावर पन्नास लाखांहून अधिक खर्च झाला. पर्यटक त्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. खऱ्या रामपुरीच्या घडणीचे शिस्तबद्ध दस्तऐवजीकरण मात्र या स्मारकाच्या तुलनेत दुर्लक्षितच राहिले.

कायद्याकडे पाहावे, तर सर्वसामान्य खिशातला चाकू शस्त्र कायद्याच्या कचाट्यात सहसा येत नाही. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख नियमांत आहे. परवान्याची सक्ती तीही केंद्राने अधिसूचित केलेल्या भागात. दिल्लीत मात्र ७.६२ सेंटिमीटर वा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंद पात्याच्या बटनदार चाकूंवर जुनी अधिसूचना आहे. तिच्याआधारे दाखल झालेला एक खटला रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका त्रुटीवर बोट ठेवले. अधिसूचना निर्मिती, विक्री आणि विक्रीसाठी बाळगण्याबाबत आहे आणि आरोपपत्रात तसा आरोपच नव्हता. जवळ बाळगणे आणि विक्रीसाठी बाळगणे यांतील ही रेषा संग्राहकांच्या दृष्टीने मोलाची आहे.

महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ नुसार वेळोवेळी मनाई आदेश निघतात. त्यांत तलवारी, भाले, लाठ्यांबरोबर सुऱ्यांचाही समावेश असतो. अशा आदेशाच्या काळात मुंबईच्या चोरबाजारातून आजोबांच्या जमान्यातला चाकू विकत घेऊन लोकलने घरी निघालेल्या माणसाने पोलिसाला काय सांगावे? पावती बहुधा नसते आणि वस्तूचे वय तोंडी सांगून पटत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याचा आधार घ्यावा, तर तेथे शंभर वर्षांची अट आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांतला, नामवंत हातांनी घडवलेला रामपुरी त्या व्याख्येत बसत नाही. शस्त्र म्हणून तो संशयास्पद आणि वारसा म्हणून अल्पवयीन!

नोंद हाच मार्ग

यावर सरसकट सवलत हा उपाय नव्हे. 'संग्राहक' या बिरुदाआड नव्या बनावटीचे खटक्याचे चाकू विकले जाणार नाहीत, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. मात्र स्वेच्छेने करायची साधी नोंदणी, विक्रेत्याने वस्तूचा काळ, शिक्का आणि मुठीचा प्रकार नमूद करून दिलेली पावती आणि जप्त झालेले चाकू नष्ट करण्यापूर्वी त्यांतील जुने नमुने संग्रहालयाला दाखवण्याची प्रथा, एवढ्याने बरेच साधेल. पोलिसांनाही खरा संग्राहक आणि बनाव करणारा यांत फरक करणे सोपे जाईल. सोलिंगेनमध्ये पात्यांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. कायदा कडक झाला, तरी त्या शहराची कारागिरी तेथे सुरक्षित आहे.

महाराष्ट्राला याचे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नक्षीदार अडकित्त्यांपुढे लोक थबकून उभे राहतात. अडकित्ताही धारदार पातेच आहे. तो वारसा ठरला, कारण एका माणसाने तो वेळेत जमवला, जपला आणि लोकांपुढे मांडला. खिशातल्या चाकूच्या वाट्याला आज ही संधी आहे, ती फार काळ राहणार नाही. घडवणारे हात थकत आहेत, जुने चाकू मुद्देमालाच्या खोल्यांत गंजत आहेत आणि ज्यांच्याकडे माहिती आहे, ते धास्तीने गप्प बसत आहेत. गुन्हेगाराच्या हातातला चाकू काढून घेणे हे कायद्याचे कामच आहे. ते करताना कारागिराच्या हातची स्मृतीही जप्त होणार नाही, याची काळजी घेणे त्याहून अवघड आहे आणि म्हणूनच ते आताच सुरू करायला हवे.