लातूरची ओळख रझवीपुरतीच का?



बुधवारी, 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची भाषणे नांदेडला झाली, लातूरला झाली, आणि आपल्या वर्तमानपत्रात ती सविस्तर आलीही. मी ती सगळी वाचली. त्यांत मुसलमानाचे नाव एकच सापडले: कासीम रझवी. लातूरचा वकील, मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष, निजामाच्या गादीसाठी लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या. मीही लातूरची आहे, वकील आहे आणि मुसलमान आहे. त्या माणसाबद्दल मला तसूभर आपुलकी नाही. निजामाची गादी म्हणजे मुसलमानांची गादी, ही मजलिसची शिकवण बहुसंख्य प्रजेला तिच्याच मुलखात परके ठरवणारी होती. गरीब मुसलमानाच्या पदरातही तिने काही टाकले नाही, जहागिरी तेवढ्या सांभाळल्या. रझवी 1957 साली तुरुंगातून सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. त्याने पेटवलेल्या आगीची झळ सोसायला मागे राहिलो ते आम्ही.

मग त्याच काळातला शोएबुल्ला खान कुणाच्या तोंडी का येत नाही? ‘इमरोज’चा हा तरुण संपादक रझाकारांविरुद्ध लिहीत होता. हैदराबाद संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे म्हणणाऱ्या मुसलमानांचे निवेदन त्याने छापले आणि ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्याला ठार मारण्यात आले. संस्थान भारतात आणणारी लष्करी कारवाई, म्हणजे पोलीस ॲक्शन, अवघ्या तीन आठवड्यांवर आली होती. मराठवाड्यातल्या मुसलमान पोराला शाळेत रझवी सांगता, तर शोएबुल्लाही सांगा.

पण माझी खरी तक्रार पुढेच आहे. लातूरचे नाव मुसलमानांच्या इतिहासात दुसऱ्यांदा लागले ते एका पोटगीच्या खटल्याने, आणि हे लातूरकरांच्या गावीही नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने 2 मे 2002 रोजी लातूरच्या एका जोडप्याच्या वादात निकाल दिला. नवऱ्याचे म्हणणे नेहमीचेच: मी हिला आधीच तलाक दिलाय, आता पोटगी कसली? न्यायालयाने त्याला स्पष्ट सांगितले की कैफियतीत ‘तलाक दिला’ असे लिहिल्याने तलाक होत नाही. कारण काय होते ते दाखवा, दोन्हीकडचे मध्यस्थ बसले होते का ते दाखवा, समेटाचा प्रयत्न झाला होता हे पुराव्याने सिद्ध करा. आणि हे सांगताना आधार घेतला तो कुराणाचाच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात याच वाटेने निकाल दिला. देशाने ज्याचा जल्लोष केला तो तिहेरी तलाकचा निकाल आला 22 ऑगस्ट 2017 रोजी, म्हणजे लातूरच्या खटल्यानंतर पंधरा वर्षांनी!

सुधारणा पुण्या-मुंबईहून येते, दिल्लीहून येते, मराठवाड्यातला मुसलमान मात्र जुनाटच, असे बोलणाऱ्यांनी हा निकाल एकदा वाचावा. समाजसुधारक हमीद दलवाईंनी 1966 साली तलाकच्या प्रश्नावर सात बायकांचा मोर्चा मुंबईत नेला, 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. ते थोरच होते. नांदेडला पीपल्स कॉलेजात शिकवणारे नरहर कुरुंदकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, ही नांदेडची मिळकत आहे. लातूर जिल्ह्यातले फ. म. शहाजिंदे मराठीत लिहून मुसलमानाचे जगणे मांडत राहिले. पण कुठल्याही मंडळाचा आधार नसलेली बाई पोटगीसाठी न्यायालयाची पायरी चढते आणि तिच्या वादातून अख्ख्या राज्याला लागू होणारा कायदा उभा राहतो, याला सुधारणेची चळवळ म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

हे सगळे आज बोलायचे कारण असे की बाँड पेपरवर लिहून दिलेले तलाकनामे थांबलेले नाहीत. 2002 चा निकाल झाला, 2017 चा झाला, 2019 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की फौजदारी कायद्यातली पोटगी मुसलमान बाईलाही मिळते. तरी माझ्याकडे येणारी बाई पिशवीतून नोटरी केलेला कागद काढते आणि विचारते, “मॅडम, आता माझा हक्क संपला ना?” तिला तसे सांगणारे जमातीतले असतात, शिकलेले असतात, आणि लाज वाटते सांगायला, आमच्या काळ्या कोटातलेही असतात. पोटगीचा हुकूम झाला तरी वसुलीचा अर्ज, मग वॉरंट, मग ‘इसम घरी मिळून आला नाही’ असा शेरा. शिक्षेची भीती घालणारा कायदा आणला म्हणून टाळ्या घेणाऱ्यांनी त्या बाईच्या हातात महिन्याचे पैसे पडतात का, हे कधी पाहिले?

आणि आजच्या मजलिसच्या, म्हणजे एमआयएमच्या, नेत्यांचीही सुटका नाही. रझाकारांची ती संघटना आणि आजचा आमचा पक्ष वेगळा, असे ते म्हणतात. मान्य. 1958 पासून नवी घटना घेऊन संविधानाच्या चौकटीत तो निवडणुका लढवतो, हेही मान्य. नांदेड-वाघाळा महापालिकेत 2012 साली लोकांनी त्यांचे 11 नगरसेवक निवडून दिले आणि 2017 साली एकही दिला नाही. मुसलमानाच्या रक्तातच रझाकारी असल्याचे सांगणाऱ्यांना या दोन आकड्यांनी परस्पर उत्तर दिले आहे. आमचा मतदार नळाचे पाणी आणि नाली बघून मत देतो. पण त्या नगरसेवकांपैकी किती जण बाँडवर तलाक मिळालेल्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात गेले? शरियतमध्ये ढवळाढवळ नको म्हणून सभा गाजवता येते. मध्यस्थ नेमा, समेट घडवा, हे त्याच कुराणातले सांगायला मात्र तोंड उघडत नाही. धर्माचे नाव घेऊन मत मागायचे आणि धर्माने बाईला दिलेले तेवढे गिळून बसायचे, हा कुठला न्याय?

भाषणे करणाऱ्यांना आणखी एक विचारायचे आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली, त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले, त्यावर व्यासपीठावरून अवाक्षर निघत नाही. त्या घटनांची पाहणी करणारी पंडित सुंदरलाल यांची समिती भारत सरकारनेच पाठवली होती. तिने सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. रझाकारांनी हिंदू गावांवर केलेले अत्याचार त्या समितीने लपवले नाहीत, आणि नंतर मारले गेलेले मुसलमान किमान 27 हजार असावेत, असा तिचा अंदाज होता. रझाकारांनी मारलेल्यांची नावे हुतात्मा स्मारकावर आहेत, ती असलीच पाहिजेत. पण नंतर मारल्या गेलेल्यांचीही आठवण राहावी, म्हणून सुंदरलाल अहवाल शासनाने स्वतःच्या खर्चाने मराठीत छापून नांदेड आणि लातूरच्या जिल्हा ग्रंथालयांत ठेवावा. शेजारीच 2 मे 2002 च्या निकालाची मराठी प्रतही ठेवावी, आणि मजलिससह सगळ्या पक्षांनी आपल्या नगरसेवकांना ती लेखी पोच घेऊन द्यावी.

– एक वकील, लातूर