किरकोळ खर्च
आमच्या सोसायटीत नारळ उतरवायला माणूस येतो. झाडामागे दर ठरलेला, व्हाउचरवर एक सही आणि हिशेबात नोंद ‘किरकोळ खर्च’. गेल्या वर्षी तो वरून घसरला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून पायावरच निभावलं. रात्रीच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न मात्र ‘आपल्यावर काही येईल का?’ हाच. सेक्रेटरी ठामपणे म्हणाले, “तो काय आपला नोकर आहे? कधीमधी येणारा माणूस!” ही पळवाट एके काळी खरोखर होती. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याने मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेला, नैमित्तिक कामाचा मजूर वगळला होता. ते शब्द २०००च्या दुरुस्तीत गेले, पण सोसायट्यांच्या तोंडून अजून गेलेले नाहीत. (सेप्टिक टँकचं तर बोलूच नका: सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली.) इमारतीचा विमा आम्ही न चुकता भरतो. कामाला येणाऱ्यांच्या विम्याचं विचारलं, तर खजिनदारांनी चहा मागवला. यंदा नारळ उतरवायला दुसराच माणूस आला. दोर त्याचा स्वतःचाच होता.