दरवाजा अडकू लागला, तर डोंगराकडे बघा

तुमचं घर डोंगराच्या पायथ्याला किंवा उतारावर असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही मुंबई-पुण्यात आणि आई-वडील गावी असतील, तरीही.

माळीण गाव ३० जुलै २०१४ ला सकाळी दरडीखाली गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. महाड तालुक्यातलं तळिये २२ जुलै २०२१ ला. खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला, रात्री. तिन्ही वेळा जुलै महिना, तिन्ही वेळा आधी धो धो पाऊस.

दरड क्षणात येते, हे खरं. पण पुष्कळदा डोंगर त्याआधी हलू लागलेला असतो. सह्याद्रीत खाली कातळ आणि वर मातीचा थर. पाऊस लागून राहिला की पाणी मुरतं, माती जड होते आणि उतारावरून सरकू लागते. सुरुवातीला बोटभरच. ते बोटभर सरकणं तुमच्या घरात दिसू शकतं.

काल सहज लागणारा दरवाजा आज चौकटीत अडकतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्याच्या जोडीनं भिंतीला तिरकी चीर गेली असेल, ओटा भिंतीपासून सुटला असेल, तर नुसतं लाकूड म्हणून सोडून देऊ नका. मागच्या परड्यात जाऊन बघा. गडगा पोट काढून पुढे आलाय का? झाडं, विजेचा खांब एका अंगाला कललेत का? जिथे कधी पाणी नव्हतं, तिथे झरा फुटलाय का?

ओढ्यावर तर डोळा ठेवाच. पाऊस कोसळतोय आणि ओढ्याचं पाणी एकाएकी उतरलं, तर वर कुठे तरी मातीनं ते अडवलेलं असू शकतं. तो बांध फुटला की चिखल, दगड, झाडं सगळं एकदम खाली येतं. काय झालं ते बघायला वर जाऊ नका. पोरांना घ्या आणि ओढ्यापासून लांब व्हा.

मे महिन्यातच चार जण मिळून वाडीच्या वरच्या अंगाला फिरून या. गुराख्याला सोबत घ्या, त्याला तिथला दगड न् दगड माहीत असतो. भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंट ठोका. मधलं अंतर टेपनं मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की पुन्हा मोजा. अंतर वाढलं, तर डोंगर सरकतोय. भेगेत चिकणमाती ठासा, वर ताडपत्री घाला, पाणी बाजूला जाईल असा चर काढा. यानं डोंगर थांबणार नाही, पण आत शिरणारं पाणी कमी होईल. फोटो जोडून सरपंचांना आणि तलाठ्यांना लेखी कळवा. अर्जाची पोच मागून घ्या.

आणि एक हात जोडून सांगणं. गोठ्याला जागा हवी म्हणून डोंगराचा पायथा जेसीबीनं कापू नका. वरची सगळी माती त्याच्याच आधारानं उभी असते.

पाऊस मोजायला सरळ कडांचा एक डबा अंगणात उघड्यावर ठेवा. रोज सकाळी आतलं पाणी पट्टीनं मोजून ओतून टाका. एका दिवसात वीस सेंटीमीटरच्या वर भरलं, तर हवामान खात्याच्या लेखी तो अत्यंत मुसळधार पाऊस. त्या रात्री, खूण दिसो न दिसो, उताराखाली झोपू नका. झड दोन-तीन दिवस लागून राहिली असेल, तर तेवढा आकडा होईपर्यंतही थांबू नका.

घर सोडणं सोपं नसतं. गोठ्यात म्हैस असते, लावणी अर्धी राहिलेली असते, म्हातारी माणसं हलायला तयार नसतात. वर लोक हसतील ही लाज. ती लाज सोडा. दहा वेळा उठून गेलात आणि काही झालं नाही, तर दहा रात्रींची झोप गेली, एवढंच. कुठे जायचं ते आधीच ठरवा: उतारापासून लांबची शाळा, देऊळ, पाहुण्यांचं घर. रेशनकार्ड, औषधं, बॅटरी एका पिशवीत तयार ठेवा. निघताना गुरांची दावी सोडा. दरड येताना दिसली, तर उताराच्या दिशेनं खाली धावू नका. आडवं पळा, तिच्या वाटेतून बाहेर पडा.

पाऊस उघडला म्हणून लगेच परतायचं नाही. मुरलेलं पाणी अजून मातीत असतं.

जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२, दोन्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. गावापासून दूर असाल, तर पावसाळ्यात घरी फोन केल्यावर पाऊस किती आहे एवढंच विचारू नका. भिंतीला चीर दिसते का, ओढ्याला पाणी किती आहे आणि आज रात्री कुठे झोपणार, हेही विचारा.