मानाच्या यादीला दुसरे दार हवे



गेल्या महिन्यात एका गट ऑफिसात खोडवा व्यवस्थापनाची बैठक होती. बुडखे छाटणे, पाचट न जाळता सरीत कुजवणे, नांग्या भरणे हे सगळे सांगून झाले. मग नेहमीप्रमाणे आम्ही विचारले, "कुणाला काही शंका?" मागच्या रांगेतले एक सभासद उभे राहिले. म्हणाले, "साहेब, खोडव्याचं समजलं. पण दरसाल सर्वसाधारण सभेत जास्त टनेजचे नंबर काढता, फेटा बांधता, ऑफिसात फोटो लावता. ते नंबर ठरवतं कोण?" आम्ही म्हणालो, "समिती." ते म्हणाले, "आणि समितीला कोण सांगतं?"

हशा पिकला. आम्हीही हसलो. पण त्या समितीवर आम्ही स्वतः आहोत. त्यामुळे परतताना ते हसू काही टिकले नाही.

तेव्हा या अंकात खतांच्या मात्रा बाजूला ठेवून मानपानाविषयी लिहीत आहोत. उदाहरण मात्र लांबचे, अमेरिकेतले घेतो. गावातले घेतले की लगेच "हे अमक्याला टोमणा" असे होते. लांबचे बरे.

बैलाच्या खुरांना आपण पत्र्या मारतो. घोड्याला एकसंध वाकडा नाल लागतो, हे आपणास ठाऊकच आहे. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत हा नाल खुंट्यावर फेकण्याचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्याला आपण नालफेक म्हणू. जमिनीत एक इंच जाडीचा लोखंडी खुंटा ठोकलेला असतो, १४ ते १५ इंच वर आलेला आणि समोरच्या खुंट्याकडे जरासा झुकलेला. असे दोन खुंटे, मध्ये ४० फूट अंतर. पुरुष ४० फुटांवरून फेकतात, स्त्रिया ३० फुटांवरून. नाल खेळासाठी खास केलेला असतो, जास्तीत जास्त २ पौंड १० औंसांचा, म्हणजे सव्वा किलोच्या आतला. प्रत्येकाने दोन नाल फेकायचे. नाल खुंट्याला गुंतून बसला तर ३ गुण, त्याला रिंगर म्हणतात. नुसता जवळ, सहा इंचांच्या आत पडला तर १ गुण. दोघांचेही रिंगर पडले तर एकास एक वजा. म्हटले तर पोरखेळ, पण हात बसायला वर्षे लागतात.

रिंगर झाला की नाही यावर वाद पडला, तर नालाच्या दोन टोकांवर सरळ पट्टी ठेवून पाहतात. पट्टी खुंट्याला शिवली नाही तर रिंगर, शिवली तर नाही. फेकणारा पंचाचा मेव्हणा असो की गावच्या पाटलाचा मुलगा, पट्टी कुणाचे नाते ओळखत नाही. आपल्या वजनकाट्याकडूनही आपण हीच अपेक्षा ठेवतो.

या खेळाची सगळ्यांना खुली अशी पहिली मोठी स्पर्धा १९०९ साली कॅन्सस राज्यातल्या ब्रॉन्सन या लहानशा गावी झाली. जिंकला आयोवा राज्यातला फ्रँक जॅक्सन. बक्षीस काय, तर नाल लावलेला कमरपट्टा. पुढे १९१४ साली कॅन्सस सिटीत पहिली संघटना उभी राहून नियम लिहिले गेले. आज हा कारभार नॅशनल हॉर्सशू पिचर्स असोसिएशन ही संस्था पाहते. याच संस्थेने १९६० च्या दशकात आपले 'हॉल ऑफ फेम' म्हणजे मानकऱ्यांचे दालन सुरू केले. खेळाची ज्याने खरी सेवा केली त्याचे नाव तिथे कायमचे लागते.

आता आपल्या सभासदाचाच प्रश्न. ते नाव ठरवतं कोण?

तिथे नावाची शिफारस व्हावी लागते, त्या माणसाची कामगिरी मांडावी लागते, आणि ती पाहून एक समिती निवड करते. सन्मान होतो तो वार्षिक जागतिक स्पर्धेच्या वेळी, सगळे खेळाडू जमलेले असताना. पण आम्हास सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. या दालनाला दोन दारे आहेत. एक खेळाडूंचे, दुसरे संघटकांचे. काही जण दोन्ही नात्यांनी आत गेलेले आहेत.

पहिल्या दारातून टेड ॲलन गेला. कोलोरॅडो राज्यातल्या या गड्याने दहा वेळा जागतिक अजिंक्यपद जिंकले आणि एकदा लागोपाठ ७२ रिंगर टाकले. मेक्सिकोत जन्मलेला फर्नांडो इसाइस गेला, त्याची अजिंक्यपदे आठ. व्हिकी विन्स्टन या बाईंनी स्त्रियांचे अजिंक्यपद दहा वेळा मिळवले. अशांची नावे लावायला समितीला डोके खाजवावे लागत नाही. आकडाच बोलतो.

तरी आकड्याचीही एक मेख आहे. १९०९ साली ब्रॉन्सनला जॅक्सन जिंकला तेव्हा खुंटा जमिनीवर अवघा दोन इंच वर होता! नाल त्यावरून सरकून जाई. खुंट्याची उंची पुढे टप्प्याटप्प्याने वाढत गेली. मग दोन इंचांच्या खुंट्यावरचा जॅक्सन आणि चौदा इंचांच्या खुंट्यावरचा आजचा खेळाडू यांचे रिंगर एका तराजूत कसे तोलणार? जागतिक स्पर्धेतही सगळ्यांना एकाच गटात ढकलत नाहीत. ज्याच्या त्याच्या रिंगरच्या टक्केवारीप्रमाणे वर्ग पाडतात, म्हणजे सारख्याची गाठ सारख्याशी पडते. आपल्याकडे मात्र भारी काळ्या रानातला, ठिबकवरचा आडसाली ऊस आणि मुरमाड रानातला, पाळीच्या पाण्यावरचा सुरू ऊस यांचे टनेज सभेत एकाच दमात वाचून दाखवले जाते. टाळ्या कुणाला पडतात हे सांगायला नको.

दुसरे दार संघटकांचे. खुंट्याभोवती चिकणमाती भरतात आणि ती ओली ठेवावी लागते. वाळली तर नाल उसळून लांब जातो. ती माती कुणीतरी भिजवलेली असते. कुणीतरी गुणांची वही लिहिलेली असते, वर्गणी गोळा केलेली असते, पोरांना नाल धरायला शिकवलेले असते. ही मंडळी नसती तर टेड ॲलन घरच्या परड्यात एकटाच नाल फेकत बसला असता. संस्थेने हे ओळखले आणि त्यांच्यासाठी वेगळे दार केले. आमच्या मते हीच त्या दालनाची खरी शहाणीव.

असे काम नजरेआड राहिले तर काय होते, तेही त्याच देशात पाहायला मिळते. बेसबॉल हा तिथला मोठा खेळ. त्याचे दालन न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन येथे आहे. तिथले नियम कडक. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला हवा आणि निवृत्त होऊन पाच वर्षे झालेली हवीत. मत देतात ते खेळावर लिहिणारे जुने पत्रकार, आणि शंभरात पंचाहत्तर मते मिळाली तरच नाव लागते. १९३६ साली पहिली निवड झाली तेव्हा बेब रूथसारख्या दिग्गजालाही २२६ पैकी २१५ मते पडली. अकरा जणांनी त्याचे नाव लिहिलेच नाही! सगळीच्या सगळी मते मिळालेला पहिला खेळाडू निघायला २०१९ साल उजाडले. तो मारियानो रिव्हेरा. म्हणजे मतदान घेतले की वाद मिटतो, असे समजू नये.

तिथलीच बक ओनील यांची गोष्ट ऐका. १९४७ पर्यंत काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांची दारे बंद होती, म्हणून त्यांच्या स्पर्धा वेगळ्या चालत. ओनील हे त्यांतल्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाचे खेळाडू आणि पुढे व्यवस्थापक. १९६२ साली मोठ्या संघात प्रशिक्षक झालेले ते पहिले काळे गृहस्थ. नंतर उरलेले आयुष्य त्यांनी विसरल्या गेलेल्या त्या खेळाडूंच्या आठवणी जपण्यात घालवले, त्यांचे संग्रहालय उभे करायला हातभार लावला. २००६ साली जुना अन्याय दूर करण्यासाठी खास समिती बसली आणि तिने एकदम १७ जणांची निवड केली. त्यांत ओनील यांचे नाव नव्हते. खेळाडू म्हणून आकडे सर्वोच्च नाहीत, आणि बाकीचे काम कोणत्या रकान्यात लिहावे ते ठरत नाही, अशा माणसाचे जे होते तेच झाले. निवडलेल्यांपैकी त्या दिवशी कोणीही हयात नव्हते. त्यांच्या वतीने बोलायला उभे राहिले कोण, तर वगळले गेलेले ओनील! वय ९४. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २००६ मध्ये ते वारले. त्यांचे नाव दालनात लागले २०२२ साली. सोळा वर्षांनी लागलेले नाव वाचायला ते नव्हते.

आता हे सगळे इथे का सांगितले ते सांगतो.

आमच्या गटात एक वयस्क सभासद होते. उपसा योजनेची पाळीची वही त्यांनी वीस वर्षांवर सांभाळली. रात्री दोनला पाळी असली तरी बॅटरी घेऊन वाकुऱ्यात हजर. स्वतःच्या भावाची पाळी त्यांनी एक तासही वाढवली नाही, त्यावरून घरात बोलाचाली झाली. उन्हाळ्यात पाणी कमी पडले तरी त्या योजनेवर कधी कुऱ्हाडी निघाल्या नाहीत. त्यांचा स्वतःचा ऊस एकरी चाळीस टनांच्या वर कधी गेला नाही, रान हलके. पण त्यांच्या वहीच्या जोरावर आजूबाजूच्या तिघांनी आमच्या स्पर्धेत नंबर पटकावले आणि फेटे बांधून घेतले. गेल्या श्रावणात ते वारले. शोकसभेत आम्ही सगळे चांगले बोललो. त्यांची सून मागे उभी होती, एवढेच म्हणाली, "हे मामंजींना कधी सांगितलं होतं का कुणी?"

सांगितले नव्हते. आमच्या फॉर्मात त्यासाठी रकानाच नव्हता.

म्हणून आमची सूचना अशी, की टनेजचे नंबर राहू द्यावेत, पण ते जमीन, लागण हंगाम आणि पाण्याची सोय यांप्रमाणे वर्ग पाडून काढावेत. त्याशिवाय सेवेचा एक वेगळा मान असावा. पाळीची वही प्रामाणिकपणे राखणारा, शेजाऱ्याला बेणे देऊन नवी जात रुजवणारा, शिवारात पाचट पेटवणे बंद पाडणारा, तोडणीच्या टोळीचा आणि शेतकऱ्याचा तंटा बांधावरच मिटवणारा, अशांसाठी. शिफारस कोणाही सभासदाने लेखी करावी, कामाचा तपशील द्यावा. नियम गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी याच पत्रकात छापावेत. नंबर काढून झाल्यावर नियम करू नयेत.

यावर कोणी म्हणेल, "साहेब, सेवेचं दार उघडलंत की त्यातून पुढारीच आत शिरतील." शंका रास्त आहे. सेवेला पट्टी लावता येत नाही, आणि जिथे पट्टी नाही तिथे वशिला लवकर पोहोचतो. त्यासाठी बेसबॉलवाल्यांचा पाच वर्षांचा नियम उसना घ्यावा. जो कोणी निवडून आलेल्या पदावर आहे, किंवा ज्याला पद सोडून पाच वर्षे झालेली नाहीत, त्याचा या मानासाठी विचार करू नये. समितीवरच्या माणसाच्या घरचे नाव आले तर त्याने त्या दिवशी बैठकीतून उठून जावे. यात आम्हीही आलो.

आणखी एक. मान माणूस जिवंत असताना द्यावा. फोटोला हार घालायला सगळेच येतात.

हे आमचे मत आहे, संचालक मंडळाचा निर्णय नव्हे. आपणास पटले तर आपल्या गट ऑफिसात लेखी कळवावे. पटले नाही तर तेही लेखी कळवावे. येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी हा विषय समितीपुढे ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेतो. आणि मागच्या रांगेतल्या त्या सभासदांना विनंती, की पहिली शिफारस आपणच लिहावी. समितीला कोण सांगतं, असे आपण विचारले होते. आता आपणच सांगा.

— ऊस विकास अधिकारी